उमाकाकूंचा आग्रह

उमाकाकूंनी कुणाला "कशी आहेस?" असं विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. त्यांचा प्रश्न एकच, "जेवलीस का?" आणि हो म्हटलं तरी सुटका नसे. काय जेवलीस, भाकरी होती की पोळी, भात दुसऱ्यांदा घेतलास का, ताक आंबट होतं का, अशी उलटतपासणी चाले. लग्न होऊन मी देवासहून धारेला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी परसातल्या भिंतीवरून एक भलं मोठं, घामेजलेलं तोंड वर आलं आणि म्हणालं, "तू देवासची ना गं? कुठल्या पातीची?"

देवासात तेव्हा एकाच गावाला दोन राजे. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाचा दिवा एकाचा, त्या अंगाचा दुसऱ्याचा. मी म्हटलं, "थोरल्या पातीतली."

"मी धाकट्या. म्हणजे आपण तिथेही शेजारणी. जेवलीस का?"

मी हो म्हटलं. नव्या घरात लाजेनं घास उतरत नव्हता, पण ते कुणाला सांगणार? काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं, डोकं खाली गेलं, आणि थोड्या वेळानं भिंतीवरून साखरभाताची वाटी आली. "सासूबाईंना सांगू नकोस. इथंच उभी राहून खा. मी बघतेय."

बाई उंच, खांद्यांनी रुंद. पदर खोचून चालायला लागल्या की वाटेतली पोरं बाजूला होत. आवाज असा, की त्यांच्या घरी पंगत बसली म्हणजे आम्हाला आमच्या माजघरात कळे कुणाच्या पानावर काय संपलंय. त्यांचे यजमान तात्या जमाबंदीच्या कचेरीत होते. किडकिडीत, पोटाचे दुखणाईत, मुगाचं कढण आणि दोन फुलके एवढाच आहार. काकूंसारख्या बाईच्या हातचं खाऊनही ते वाळलेलेच राहिले, आणि या एका बाबतीत देवानं आपला मुद्दाम अपमान केला असं त्या मानीत.

मूलबाळ नव्हतं. म्हणून ही बाई साऱ्या जगाला जेवू घालते, असं आळीतल्या बायका म्हणत. मला ते कधी पटलं नाही. काकूंना लहान मुलांचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांना हौस होती ती जेवणाऱ्याची. समोर माणूस पोटभर जेवतोय, त्याच्या कपाळावर घाम येतोय, तो पाटावर जरा मागं रेलतोय, हे पाहताना त्यांचा चेहरा असा निवे, की देवळातून आलेल्या बाईचाही निवत नसेल.

"नको म्हणणारा खोटं बोलतो," हे त्यांचं म्हणणं. पहिलं नको लाजेचं, दुसरं रीतीचं, तिसरं आळसाचं. खरं नको त्यांच्या हिशेबात नव्हतंच. एकदा आळीतल्या एका घरचे नवे जावई त्यांच्याकडे जेवायला आले. इंदूरचे, शिकलेले, बोलणं मोजकं. श्रीखंड तिसऱ्यांदा आलं तेव्हा त्यांनी पानावर आडवा हात धरला. काकूंनी पळभर वाट पाहिली आणि श्रीखंड त्या हातावरच वाढलं. पंगत हसून हसून लोळली. जावईबापू हात वर धरून बसून राहिले. पुसावा तर अन्नाचा अपमान, चाटावा तर स्वतःचा. शेवटी चाटला. काकू म्हणाल्या, "बघा, होती की नाही भूक?"

अशी ती बाई. छप्पनचा काळ, म्हणजे संवत १९५६चा तो मोठा दुष्काळ, आला तेव्हा मी धारेत चांगली रुळले होते.

त्या साली पाऊस आला, चार दिवस पडला आणि गेला. सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. गुजरातेत काळ पडतो, मारवाडात पडतो, तिकडची माणसं गुरं घेऊन आमच्याकडे येतात. माळव्याची काळी माती कधी दगा देत नाही, असं आमचे जुने लोक छातीठोक सांगत. मग ज्वारी वाळली. विहिरी तळाला गेल्या. चाराच नसल्यामुळे लोकांनी गुरं सोडून दिली, ती रस्त्यात बसत आणि तिथून उठत नसत. तात्या म्हणत, "आपल्या चांगल्या जमिनी अफूला दिल्या. आता अफू खा म्हणावं."

पण एक गोष्ट मला तेव्हाही समजली नव्हती आणि आज म्हातारपणीही समजत नाही. धारेत धान्य नव्हतं असं नव्हे. पेढ्यांच्या मागच्या कोठारांत होतं. आमच्या घरात होतं, काकूंच्या घरात होतं. दर चढला तशी आम्ही कुरकुर केली, पोळीच्या जागी भाकरी आली, एवढंच. मांडूच्या खालच्या दऱ्यांतून आणि सरदारपुराकडच्या डोंगरांतून भिलांची कुटुंबं गावात येऊ लागली, ती मात्र नुसती हाडं होती.

एकदा मी आणि काकू देवळातून परत येत होतो. भर दुपारी, धान्याच्या पोत्यांनी भरलेल्या गाड्यांची रांग गावाबाहेर निघाली होती. काकू रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्या गाडीवानानं बैल आवरले.

"भिया, यो नाज कां जाय?"

"महू, बई. वां से रेल में चढ़ेगो."

"नी यां का लोग कई खायगा?"

गाडीवान तरणा होता. त्याच्याही गालांची हाडं वर आली होती. तो म्हणाला, "हूं कई जाणूं, बई. नाज सेठ को. हूं तो गाड़ी हांकूं."

काकू बाजूला झाल्या. आम्ही घरी आलो. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मला जेवलीस का विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या परसदारी ज्वारीच्या पिठाच्या पातळ राबडीचं पातेलं चढलं. आधी पाचसात माणसं येत, मग परस भरू लागलं. आमच्या सासूबाई मला तिकडे जाऊ देत नसत. शिवाशीव, रोगराई, शिवाय आपल्याच दारात उद्या रांग लागेल ही भीती. मी आमच्या बाजूनं दगडावर चढून भिंतीपलीकडे पाहत असे. तात्या कचेरीतून आले की पातेल्याकडे पाहत उभे राहत.

"अगं, सगळं गाव तू जेवू घालणार आहेस का?"

"गाव नको," काकू म्हणत. "आपल्या दारात येतील तेवढेच."

"आणि कोठी रिकामी झाली म्हणजे?"

"मग आपणही कुणाच्या तरी दारात जाऊ."

तात्या भित्रे होते, कंजूस नव्हते. ते आत जात आणि आपल्या दोन फुलक्यांतला एक ठेवून देत.

पाडव्याला काकूंनी पुरण घातलं. काळातही सण मोडायचा नाही, असा त्यांचा हट्ट. त्या दिवशी परसात एक भिलीण आली. झीतरी तिचं नाव. कडेवर तान्हं, हाताला सहासात वर्षांचा मुलगा. मुलाचं पोट पुढे आलेलं, पाय काठीसारखे, केस तांबूस पडलेले. तो रडत नव्हता, मागत नव्हता. चुलीवरून येणाऱ्या वासाकडे तोंड करून उभा होता. त्याच्याकडे पाहता पाहता काकूंच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला भिंतीवरून दिसलं. त्यांनी राबडीचं पातेलं बाजूला सारलं, आत गेल्या, आणि पत्रावळ, द्रोण, पुरणपोळ्यांची चळत, तुपाची तांबली असं सगळं घेऊन आल्या. चिंचेखाली पाणी शिंपडून पत्रावळी मांडल्या. जावयाला बसवावं तसं त्या पोराला बसवलं.

पहिली पोळी त्यांनी सोवळं सांभाळत वरून सोडली. पोराला ती तोडता येईना, बोटांत जोर नव्हता. तेव्हा काकू खाली बसल्या. सोवळ्यासकट मातीत बसल्या, पोळी कुस्करली, तुपात भिजवली आणि त्याच्या तोंडात घास घातला. तो आधी नुसता घोळवत राहिला. मग गिळला. मग त्याला जाग आल्यासारखं झालं आणि तो भराभर खाऊ लागला. एक झाली, दुसरी झाली. झीतरी आपली पोळी तान्ह्याच्या ओठांना लावत होती. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "बस, बई. अबे बस." पुरे आता.

"नको म्हणणारा खोटं बोलतो," काकू मराठीतच म्हणाल्या आणि हसल्या. तिला एक अक्षर कळलं नसेल, पण हसणं कळलं. तीही हसली. काकूंनी तिसरी पोळी कुस्करली. तो पोरगा, तुपानं ओठ माखलेले, काकूंच्या तोंडाकडे बघत होता. मी दगडावरून खाली उतरले तेव्हा मला वाटलं, आज या घरात खरा पाडवा झाला.

तिसऱ्या प्रहरी तिकडून आरडाओरडा ऐकू आला, तो काकूंचा होता. पोराच्या पोटात कळा आल्या होत्या. तो चिंचेखाली गुडघे पोटाशी घेऊन पडला होता, ओकत होता. काकूंनी ओवा दिला, पोटाला हिंग लावला, तात्यांना दवाखान्यात पळवलं. डॉक्टर गावाबाहेर गेले होते. मी सासूबाईंना न विचारता गेले. मला पाहून काकू म्हणाल्या, "अगं इंदू, असं काय करतोय हा? आत्ता तर हसत होता."

दिवेलागणीच्या आत तो गेला.

झीतरीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. काकू तिच्यासमोर उभ्या होत्या, हात तुपातले तसेच. झीतरीनं मान वर केली. तिला वाटलं असावं, या बाईला फार दुःख झालंय, हिची समजूत काढली पाहिजे. ती हळू म्हणाली, "बई, भूखो नी गयो म्हारो. पेट भरके गयो." माझा उपाशी नाही गेला, पोट भरून गेला. आणि तिनं वाकून काकूंच्या पायांना हात लावला.

काकू मागं सरल्या. इतक्या झटकन सरल्या, की चुलीवरचं पातेलं कलंडलं.

चारआठ दिवसांनी दवाखान्यातले वृद्ध डॉक्टर तात्यांचं पोट पाहायला आले, तेव्हा काकूंनी त्यांना सगळं सांगितलं. मी तिथंच होते. डॉक्टरांनी चष्मा काढून हातात घेतला. म्हणाले, "बाई, फार दिवसांच्या उपाशी पोटाला एकदम अन्नाचा भार सोसत नाही. त्याला पळीपळीनं पातळ पेज द्यायची. दिवसचे दिवस. मागितलं तरी जास्त द्यायचं नाही."

"हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"आपल्या घरांत ठाऊक असण्याचं कारणच काय?" डॉक्टर म्हणाले. "तुम्ही दयेनं केलंत."

"त्याची आई पुरे म्हणत होती," काकू म्हणाल्या. "ती खरं बोलत होती."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

मला वाटलं आता परसाचं दार बंद होणार. आळीलाही वाटलं, आणि तात्यांना तर हायसं झालं असतं. पण डॉक्टर येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीही पातेलं चढलं आणि त्यानंतरही रोज चढत राहिलं. फक्त आता पळीच्या जागी एक लहान वाटी आली. प्रत्येकाला एक वाटी पेज, पातळ, मीठ घातलेली. मग दुसऱ्या वेळेला पुन्हा एक वाटी. पोरं वाटी चाटून पुन्हा पुढे करीत. "बई, ओर. बई, थोड़ीक ओर." त्यांच्या आया काकूंच्या पदराला धरत. पातेल्यात पेज दिसत असे, आणि काकू म्हणत, "नी. अबे नी. सांझे." आता नाही, संध्याकाळी. हात पाठीमागे बांधून म्हणत, कारण पुढे असते तर त्यांनी वाढलं असतं. बायका त्यांना शिव्या देत. एक म्हातारा त्यांच्या अंगावर थुंकला. घरात भरलेलं असून ही बामणीण वाटीनं मोजते, असं तो ओरडत होता, आणि त्याचं चुकत होतं असं मला म्हणता येईना.

आणि इतकं करून माणसं मरतच होती. एक वाटी घेऊन गेलेला उद्या येत नसे. तो कमी पडलं म्हणून गेला की उशीर झाला म्हणून, हे कोण सांगणार? काकू रोज परसात आलेल्यांकडे पाहत आणि कालचा कोण नाही ते शोधत. विचारीत मात्र नसत. हळूहळू त्यांचा आवाज गेला. म्हणजे बोलत, पण भिंतीपलीकडे ऐकू येत नसे. सोन्याच्या पाटल्या ज्वारीपायी गेल्या, हातात काचेच्या बांगड्या तेवढ्या राहिल्या. आमच्या आळीत तेव्हाही वाढदिवस झाले, एक मुंज झाली, लाडू वळले गेले. त्या मुंजीचं बोलावणं काकूंनाही होतं. त्या गेल्या नाहीत.

झीतरी त्यांच्या परसातच राहिली होती. अंगण झाडी, शेण काढी, चिंचेखाली निजे. काकू तिला पेज देत, पण तिच्याकडे पाहत नसत. झीतरीला ते समजत नव्हतं. ती मला एकदा भिंतीशी म्हणाली, "बई म्हारा से रिसाणी हे?" रागावल्या आहेत का माझ्यावर? मी नाही म्हटलं.

पुढच्या साली पाऊस वेळेवर आला. गावात मूठभर बियाणं कुठून तरी मिळवून भिलांची कुटुंबं डोंगराकडे निघाली. झीतरीही तान्हं पाठीला बांधून निघाली. सरदारपुराच्या पलीकडे, नदीच्या काठी गाव आहे, एवढंच तिनं सांगितलं. काकूंनी तिला ज्वारी दिली, पण दारापर्यंत गेल्या नाहीत. पावसाबरोबर पटकीची साथ आली. दुष्काळातून जे उरले होते त्यांतले बरेच तिनं नेले.

आश्विनात काकूंनी तात्यांच्या मागं लकडा लावला, "मला सरदारपुराकडे घेऊन चला." कशाला, ते सांगेनात. शेवटी तात्यांनी रजा काढली. पुढचं सगळं मला तात्यांनी सांगितलं; काकू त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत.

तात्या म्हणाले, असं पीक मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मका डोक्याच्या वर, कणसं भरून वाकलेली. आणि टेकाडांवरच्या झोपड्यांची दारं उघडी, आत कुणी नाही. गाडी अशा दोनतीन वस्त्यांतून गेली. एका शेतात एक म्हातारा मचाणावर बसून गोफणीनं पोपट हाकत होता. काकू गाडीतून उतरून शेतात शिरल्या.

"बाबा, झीतरी कां रे?"

म्हातारा म्हणाला, "झीतरी? झीतरी तो घणी थी, बई. अबे एक बी नी." त्या नावाच्या पुष्कळ होत्या, आता एकही नाही.

"नी यो मक्को कुण काटेगो?"

म्हाताऱ्यानं नुसता हात फिरवला. सगळ्या शेतावरून, सगळ्या टेकाडांवरून. मग खाली उतरून त्यानं चार कणसं तोडली आणि काकूंपुढे धरली. दुरून आलेल्या पाहुण्या बाईला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून. काकूंनी ती घेतली. तात्या म्हणाले, "सबंध वाट ती कणसं मांडीवर घेऊन बसली होती. धारेला येईतो सुकून गेली, पण खाली ठेवली नाहीत."

त्यानंतर त्या घरात पंगत बसली नाही. काकू रांधत, तात्यांपुरतं आणि आपल्यापुरतं. कुणी आलं तर पान वाढत आणि आत निघून जात. पाहुण्यानं हाक मारली तर बाहेर येत. नव्या सुनांना वाटे, बाई भारी तुसडी आहे. मी भिंतीपलीकडून कधी हाक मारली, तर "काय गं?" एवढंच. तात्या वारले तेव्हा काकूंचे भाऊ आले आणि त्यांना देवासला घेऊन गेले. केशवपन झालेलं, अंगावर आलवण. टांग्यात बसताना त्या इतक्या लहान दिसल्या, की मला क्षणभर दुसरंच कुणी वाटलं.

पुढं माहेरी जायचं झालं की मी त्यांच्या भावाकडे जाऊन येई. त्या ओळखत, बसवत, माझ्या मुलांची नावं विचारत. भाऊ सांगत, घरात थांबत नाही, सकाळी उठून देवीच्या टेकडीकडे जाते आणि दुपारी परत येते. दर्शनाला वर जाते का, असं मी विचारलं तर म्हणाले, "वर कधी गेलेली कुणी पाहिली नाही."

शेवटी त्यांना पाहिलं ते असंच. चैत्र होता, टेकडीखाली यात्रेची गर्दी. मी माहेराहून परत निघाले होते आणि टांगा गर्दीत अडकला होता. पायऱ्यांच्या तोंडाशी भिकाऱ्यांची ओळ बसली होती, आंधळे, लंगडे, लेकुरवाळ्या बाया. त्या ओळीत उमाकाकू बसल्या होत्या. पाठ ताठ, हात मांडीवर. मी हाक मारणार होते, पण तेवढ्यात वरून उतरणाऱ्या एका मारवाडणीनं सगळ्या ओळीला प्रसाद वाटायला सुरुवात केली. तिनं काकूंच्या हातावरही फुटाणे आणि खोबऱ्याचा तुकडा ठेवला. काकूंनी हात मागं घेतला नाही. त्यांनी ते घेतलं आणि मूठ मिटली.

शेजारी एक बारकी पोर बसली होती. तिचं खाऊन झालं होतं. तिनं काकूंच्या मुठीकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे, आणि आपला पंजा पुढे केला. काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मूठ जराशी वर उचलली गेली. मग त्यांनी ती छातीशी घट्ट धरली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. पोर थोडा वेळ हात पुढे करून बसली आणि मग तिनंही तो मागं घेतला.

गर्दी फुटली, टांगा चालू लागला.